मुलाची सर्व्हिस

आमच्या अकोल्याच्या घरात माझ्या शब्दाला किंमत होती, पण ती फक्त संध्याकाळी, ऊन उतरल्यापासून बॉल दिसेनासा होईपर्यंत. बाकी दिवसभर मला कोणी काही विचारत नसे. भाजी कोणती करायची हे आई ठरवी, ती कशी बिघडली हे आत्या सांगे, आणि तरीही ती मुकाट्याने कशी खायची हे अण्णा स्वतः खाऊन दाखवीत. मी घरातली थोरली मुलगी, इंदू. माझ्या वाट्याला निवडायला तांदूळ आणि ऐकायला उपदेश. संध्याकाळी मात्र ज्यांच्यासमोर साक्षीदारांची बोबडी वळे असे गावातले नावाजलेले वकील माझ्या खिडकीकडे तोंड करून उभे राहत आणि मी काय म्हणते त्याची वाट पाहत. मी म्हणत असे ‘आत’, नाहीतर ‘आउट’. टेनिस हा फार थोर खेळ आहे असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचं पहिलं कारण हे असं अगदी स्वार्थी आहे.

अण्णा वकील होते. साहेबलोकांचा क्लब गावाबाहेर होता आणि तिथे वकिलांना वर्षातून एकदा चहाला बोलावत; खेळायला बोलावत नसत. तेव्हा अण्णांनी आणि त्यांच्या मित्रांनी आमच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेवर स्वतःचं कोर्ट केलं. वऱ्हाडातली काळी जमीन कपाशीला चांगली, टेनिसला नाही. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडत की बॉल आत गेला तर वर येत नसे, आणि पावसाळ्यात ती खेळणाऱ्याचा बूट ठेवून घेई. म्हणून मुरूम घातला, रूळ फिरवला, तरी धूळ काही हटेना. शेवटी आईने सुचवलं की सारवून घ्या. दिवाळीच्या आधी अंगण सारवायला ज्या बाया येत त्यांनीच कोर्टही शेणाने सारवलं, वर चुन्याच्या रेघा ओढल्या, आणि कोणीतरी नकळत एका कोपऱ्यात चार बोटांची रांगोळीही काढून ठेवली. पुढे तशी पद्धतच पडली. दिवाळी ते होळी हा आमचा मोसम. नवा बॉल एका संध्याकाळी हिरवट होई आणि त्याला गोठ्याचा वास येई. आजही मला कुठे ताजं सारवलेलं अंगण दिसलं की पहिली आठवण टेनिसची होते, देवाधर्माची होत नाही.

देवाधर्माचं खातं आत्याकडे होतं. ती अण्णांची मोठी बहीण, लहानपणीच विधवा झालेली, कडक सोवळ्यातली. टेनिस सुरू झालं तेव्हा तिने दाराआड उभं राहून चार दिवस ते नीट पाहिलं आणि निकाल दिला की खेळ वाईट नाही. दोन्हीकडचे लोक जाळीच्या दोन बाजूंना राहतात, कोणी कोणाला शिवत नाही. बॉल इकडून तिकडे जातो खरा, पण त्याच्यावर लोकर असते आणि लोकरीला विटाळ नाही. असा सोवळा खेळ साहेबाला कसा सुचला याचंच तिला नवल वाटलं. रॅकेटच्या तारा कशाच्या असतात हे मात्र अण्णांनी तिला मरेपर्यंत कळू दिलं नाही. त्या मेंढीच्या आतड्याच्या असत. ‘रेशीम आहे, अक्का,’ असं ते सांगत, आणि तरीही रॅकेट ओसरीवरच्या खुंटीला टांगून मगच घरात येत. वकिलाची सद्सद्विवेकबुद्धी असते ती अशी.

आता मी अंपायर कशी झाले ते. वकिलांनी टेनिस खेळायचं म्हणजे खेळ थोडा आणि युक्तिवाद फार. एक बॉल रेघेजवळ पडला की दोन्ही बाजू जाळीशी जमत, एकजण खूण दाखवी, दुसरा ती खूण कालची आहे म्हणे, तिसरा सारवणाऱ्या बाईला साक्षीला बोलवा म्हणे. तेवढ्यात जिनिंगच्या कारखान्याचा भोंगा होई आणि अंधार पडे. एकमेकांवर कोणाचाच विश्वास नव्हता. शेवटी असं ठरलं की ज्याला काहीच कळत नाही आणि ज्याचा कोणताच पक्ष नाही अशा माणसाला बसवावं. तसा माणूस म्हणून मी सापडले. मी तेव्हा लहान होते, ओट्यावर बसून शेंगा खात होते. महिन्याभरात मला सगळं कळू लागलं, पण ते मी कोणाला सांगितलं नाही. पुढे मी मोठी झाले तेव्हा आत्या म्हणाली, ‘घोड्याएवढी झाली पोट्टी, आता परक्या माणसांत बसते काय?’ तेव्हा माझी नेमणूक ओट्यावरून खिडकीत झाली. ती खिडकी सर्व्हिसच्या रेघेशी अगदी सरळ रेषेत होती. मी गजांमागे दिसत नसे, पण माझा आवाज बाहेर जाई. आत्याची अट पाळली गेली आणि मला पहिल्यापेक्षा चांगलं दिसू लागलं.

हल्ली दूरदर्शनवर मी परदेशातल्या मॅची बघते. माझी नात म्हणते, आजी, तुला यात एवढं काय दिसतं, दोघं जण इकडून तिकडे मारत असतात. मी तिला सांगते की बाई, बाकीच्या खेळांत वेळ संपला म्हणून माणूस जिंकतो. इथे शेवटचा बॉल स्वतः जिंकावा लागतो, आणि तोपर्यंत कितीही मागे पडलेला माणूस हरलेला नसतो. दुसरं म्हणजे सर्व्हिस चुकली तर लगेच दुसरी मिळते. अर्ज करावा लागत नाही, कोणाच्या पाया पडावं लागत नाही, नियमच तसा आहे. माझ्या लहानपणी एवढी उदारता आमच्या घरात नव्हती, कचेरीत नव्हती आणि नागपूरच्या सरकारात तर नव्हतीच.

दरवर्षी संक्रांतीनंतर अमरावतीचे वकील आमच्याकडे खेळायला येत, आणि पुढच्या वर्षी आमचे तिकडे जात. अकोल्याची मंडळी अकोल्यात कधी हरली नव्हती. याचं श्रेय अण्णा आपल्या बॅकहँडला देत, पण ते खरं आईच्या स्वयंपाकाला होतं. पाहुणे सकाळच्या गाडीने बडनेऱ्यामार्गे येत. त्यांना ओसरीवर बसवून गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, त्यावर तुपाची धार, आणि बेसनाच्या पातोड्यांचा असा रस्सा वाढत की खाणाऱ्याच्या टाळूला घाम फुटे. अण्णा पंक्तीतून फिरत आणि आग्रह करत. ‘एक रोडगा तर घ्याच. आमच्याकडचं नाही आवडलं का?’ यावर नाही म्हणणं वऱ्हाडात शक्य नाही. जेवण झालं की पाहुण्यांना लोड-तक्के देत आणि ऊन उतरलं की त्यांना उठवून कोर्टावर नेत. तिथे ते सर्व्हिस करायला हात वर करत आणि तो हात तसाच पोटावर येई. पुढच्या वर्षी अमरावतीकर याची सव्याज परतफेड करत आणि आमचे वकील पडलेल्या चेहऱ्याने परत येत. सगळ्यांना हे माहीत होतं आणि कोणीही ते कधी बोललं नाही.

त्या वर्षी माझ्या लग्नाचं चाललं होतं. आत्याने तेल्हाऱ्याचं एक स्थळ धरून ठेवलं होतं. कपाशीची भरपूर जमीन, बिजवर, पहिलीची दोन मुलं. ‘तयार संसार भेटते, अजून काय पाह्यजे?’ असं तिचं म्हणणं. अण्णांना ते पसंत नव्हतं, पण दुसरं स्थळ येईना तेव्हा ते गप्प राहू लागले होते. अशात अमरावतीचा बापूमामा आला. हा आईचा भाऊ. भिक्षुकी करी, चार घरच्या सत्यनारायणांमुळे त्याला गावाची खबर असे. चपला काढता काढताच तो म्हणाला, ‘ताई, इंदूसाठी असं स्थळ आणलं की तू साखरच वाटशील. आमच्या पेठेतल्या काकासाहेब वकिलांचा पुतण्या, माधव. आईबाप नाहीत, काकांनीच वाढवलं.’

‘करतो काय?’ अण्णांनी विचारलं.

‘तेच तर! मी काकासाहेबांले रस्त्यातच गाठलं. म्हटलं, पुतण्याची सर्व्हिस कशी काय? तर म्हणे, बापूभटजी, फस्क्लास! जिल्ह्यात अशी सर्व्हिस कोणाची नाही. डिप्टी कमिशनर सायबाले रडवतो तो.’

आई देवापाशी साखर ठेवायला उठली. डिप्टी कमिशनरला रडवणारी ही कोणती नोकरी असावी यावर रात्रीच्या जेवणापर्यंत खल झाला. आत्याचं मत पडलं की मुलगा खजिन्यावर असेल, किल्ल्या त्याच्याकडे असतील. अण्णा म्हणाले, नाही, हिशेबतपासणीत असणार, साहेब त्यांनाच भितात. मी परातीतले गहू निवडत होते. मी मामाला हळूच विचारलं, ‘मामा, काकासाहेब तुले भेटले तेव्हा त्यांच्या हातात काय होतं?’

‘ते झाऱ्यासारखं असते ना, तारा विणलेलं, ते काखेत होतं. तुले काहून पाह्यजे?’

मला सगळा उलगडा झाला. ‘अण्णा,’ मी म्हटलं, ‘ती सर्व्हिस म्हणजे—’

‘तू गहू पाय,’ आत्या म्हणाली. मी गहू पाहिले. मला कोणी विचारलं नव्हतं, आणि खिडकीबाहेर माझं ऐकण्याची घरात कोणाला सवय नव्हती. आजही मला याचं हसू येतं की त्या घरात उठता बसता सर्व्हिस, फॉल्ट, ड्यूस चाले, अण्णा झोपेतसुद्धा ‘नेट’ म्हणून ओरडत. पण मुलीच्या बापाच्या कानाला त्या एका शब्दाचा एकच अर्थ ऐकू येत होता. माधव अमरावतीच्या संघातून खेळायला येणारच होता. तेव्हा मॅच झाल्यावर पाहण्याचा कार्यक्रम उरकावा असं ठरलं.

त्या दिवशी मला सकाळपासून आईची अंजिरी पैठणी नेसवून ठेवली होती. पंगत बसली ती मी माजघराच्या दारातून पाहिली. अमरावतीकर नेहमीप्रमाणे पातोड्यांच्या रश्श्याला बळी पडत होते. एक उंच, सावळा, कानांचा जरा मोठा मुलगा मात्र ताक-भात खात होता. अण्णा रोडगा घेऊन त्याच्यासमोर उभे राहिले. ‘आमच्याकडचं नाही आवडलं का?’

‘फार आवडलं,’ तो म्हणाला. ‘म्हणूनच खेळ झाल्यावर खाईन. ठेवून द्या माझ्यासाठी.’

असं उत्तर आमच्या ओसरीवर पूर्वी कोणी दिलं नव्हतं. अण्णा रोडगा हातात घेऊन तसेच उभे राहिले. मी त्याच क्षणी त्या मुलाच्या बाजूची झाले, हे मी स्पष्टच सांगते; कोणाचाही पक्ष नसलेली अंपायर त्या दिवशी खिडकीत बसलीच नाही.

शेवटची मॅच जोडीची होती. एकीकडे अण्णा आणि त्यांचे जोडीदार वकील, दुसरीकडे काकासाहेब आणि माधव. काकासाहेब भरपूर जेवल्यामुळे एका जागी उभे राहून सल्ला देत होते आणि माधव दोघांचं खेळत होता. तरी गेम आमच्याकडे झुकत गेला, आणि शेवटी अशी वेळ आली की एक पॉइंट मिळाला की अकोला जिंकलं. सर्व्हिस माधवची होती. त्याने बॉल वर उडवला, आणि नंतर मला फक्त आवाज आला. अण्णांची रॅकेट जागची हललीसुद्धा नाही. पण बॉल कुठे पडला ते मी पाहिलं होतं.

‘आउट,’ मी म्हटलं.

काकासाहेब एकदम जागे झाले. ‘हे काय? बाप खेळून राहिला अन् पोरगी अंपायर! न्याय म्हणाव की काय याले?’ अण्णा लाल झाले. दोन्हीकडचे वकील जाळीशी धावले आणि एका क्षणात तिथे सेशन कोर्ट भरलं. माधव मात्र त्या गर्दीत गेला नाही. तो खिडकीपाशी आला, गजांपासून थोडा दूर थांबला आणि खाली मान घालून म्हणाला, ‘किती आउट होता?’

‘दोन बोटं,’ मी म्हटलं. थोड्या वेळाने ज्याच्यासमोर मला पाटावर बसवणार होते त्याला मी पहिला शब्द ‘आउट’ असा ऐकवला होता.

तो रेघेपाशी गेला. सारवणावर बॉलची खूण उमटली होती. त्याने ती वाकून पाहिली, बुटाने पुसून टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘सेकंड.’ भांडण तिथेच विरलं, कारण भांडायला पुरावाच उरला नव्हता.

आमचे वकील दुसरी सर्व्हिस म्हणजे आजारी माणसाला पेज भरवावी तशी करत. चुकली तर पॉइंट जातो ना, म्हणून. या मुलाने ती पहिल्याइतक्याच जोराने मारली. बॉल रेघेवर पडला, चुना उडाला आणि अण्णांच्या धोतराला लागून मागे गेला. अण्णांनी खिडकीकडे पाहिलं. मी ‘आउट’ म्हटलं असतं तर अकोला जिंकलं असतं आणि घरात सणासारखं झालं असतं.

‘आत,’ मी म्हटलं.

त्यानंतरचे पॉइंट माधवने घेतले आणि अकोला हरलं. अकोल्यात पहिल्यांदाच. अण्णांचे जोडीदार ओसरीवर चढताना मला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘घरच्याच अंपायरनं घर बुडवलं.’ अण्णांनी रॅकेट खुंटीला टांगली. काकासाहेबांनी फक्त पाणी मागितलं.

मग पोहे झाले, मी पाटावर बसले, नाव सांगितलं, आणि मला आत पाठवलं. मी गेले ती दाराआडच थांबले. अण्णांनी घसा साफ केला. हरल्यावर माणूस मोठ्या मनाचा होतो तसे ते झाले होते. ‘मग माधवराव,’ ते म्हणाले, ‘सर्व्हिस नेमकी कोणत्या खात्यात?’

माधव गोंधळला. ‘खात्यात म्हणजे?’

‘म्हणजे तुमची सर्व्हिस हो!’

‘ती तर तुमी आताच पाह्यली की,’ तो म्हणाला. ‘अजून पाह्यची आहे का?’

ओसरीवर कोणीतरी फिसकन हसलं आणि मग कोणीच हसलं नाही. अण्णांनी सावकाश बापूमामाकडे मान वळवली. बापूमामाने काकासाहेबांकडे पाहिलं. काकासाहेब म्हणाले, ‘भटजी, मी तर टेनिसचं सांगत होतो! नोकरी कुठची? नोकरी शोधून राहिला तो.’ बापूमामाच्या हातातली पोह्यांची बशी कलली. डिप्टी कमिशनरला खजिन्याच्या किल्ल्यांनी रडवणारा जावई आमच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला आणि त्याच्या जागी मोठ्या कानांचा एक बेकार मुलगा बसलेला राहिला. तो मात्र मान खाली न घालता म्हणाला, ‘मले वाटलं तुमाले माहीत असेल. मी कोणाले खोटं सांगितलं नाही.’

आत माजघरात आत्याचा आवाज चढला. ‘बिनकामाचा निंगाला पोट्टा! सरळ नाही म्हणून सांग, अन् उद्या तेल्हाऱ्याले माणूस धाड.’ आई साखरेचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिला तो उघडावा की ठेवून द्यावा ते कळेना. अण्णा आत आले. ते दमले होते, धोतराला शेणाचा आणि चुन्याचा डाग तसाच होता. ते थेट माझ्याकडे आले नाहीत. ते आधी खिडकीपाशी गेले, बाहेर कोर्टाकडे पाहिलं, आणि मग रोज संध्याकाळी बाहेरून पाहत तसं आतून माझ्याकडे पाहिलं.

‘इंदू,’ ते म्हणाले, ‘काय म्हणतं तू?’

त्या घरात, खिडकीच्या आतल्या बाजूला, हा प्रश्न मला पहिल्यांदाच विचारला जात होता. मला रडू येईल असं वाटलं आणि मला ते यायला नको होतं. मी माझ्या रोजच्या आवाजात म्हटलं, ‘पहिली फॉल्ट गेली, अण्णा. दुसरी बाकी आहे.’

आत्याला काही कळलं नाही. ‘काय बोलून राहिली ही? पोरीले काय विचारतं तू? तिले काय समजते?’

अण्णा जन्मभर वकिली करत आले. तहसिलीत हरले की जिल्ह्याला जात, जिल्ह्याला हरले की नागपूरला. धोब्याचा हिशेब चुकला तरी त्यावर ते दोनदा बोलत. ते माझ्याकडे पाहत राहिले, मग आत्याला म्हणाले, ‘अक्का, अंपायरचा निकाल लागला. यावर अपील नाही.’ आणि ओसरीकडे जाता जाता आईला म्हणाले, ‘त्या मुलासाठी रोडगा ठेवला होता ना? गरम कर.’

नोकरी त्याला पावसाळ्याच्या आत लागली. बडनेऱ्याला रेल्वेत, आणि ती कशी लागली हे सांगायला मला लाज वाटत नाही: तिथल्या साहेबाला संध्याकाळी खेळायला कोणी जोडीदार नव्हता. बापूमामा मरेपर्यंत सांगत असे की मी पहिल्या दिवशी बोललो तेच खरं झालं, सर्व्हिसवरच लग्न जमलं.

आमचे हे आता जिना चढताना कठड्याला धरतात, पण दूरदर्शनवर कोणाचा बॉल रेघेजवळ पडला की ताठ बसतात आणि हमखास तोच विषय काढतात. त्यांचं म्हणणं, त्यांची ती पहिली सर्व्हिस आत होती, खूण त्यांनी स्वतः वाकून पाहिली होती. मग पुसली कशाला, असं मी विचारते. ‘तू आउट म्हटलं ना,’ ते म्हणतात, ‘मग ती खूण ठेवून काय करायची होती?’

काल पुन्हा तेच. ‘इंदू, खरं सांग, आत होता तो बॉल.’

‘अहो,’ मी म्हटलं, ‘आत असता तर दुसरी कुठून मिळाली असती तुम्हाला?’

ताठ बसलेले ते मागे टेकले. मग म्हणाले, ‘दोन बोटं होता आउट. बरोबर आहे.’